स्लोचा स्क्रू

"इंजिन अजून जोमात आहे बरं का. पाय काढला तरी पळते गाडी!" काका एस्टीममधून उतरता उतरता म्हणाले. आवाजात तक्रार कमी आणि कौतुक जास्त. गाडी 2003 ची. दर दोन-तीन आठवड्यांनी ते डोंबिवलीहून लोकलने येतात. कर्जतजवळ कोंडिवड्याच्या बाजूला त्यांचं छोटं घर आहे आणि ही गाडी तिथल्या शेडमध्येच असते. शनिवारी चारफाट्याला फार्महाऊसवाल्यांच्या गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत न्यूट्रलवर उभं असताना त्यांची गाडी एवढी ओरडायची की पुढचा माणूस काच खाली करून मागे बघायचा. काटा अठराशेवर. खरं तर गरम इंजिन आठशे-साडेआठशेवर गुरगुरायला हवं.

आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने न्यूट्रलवरची हवा सांभाळणारा आयएसी व्हॉल्व्ह बदलला, दुसऱ्याने तापमानाचा सेन्सर. बिलं काकांनी पाकिटात जपून ठेवली होती, ती मला दाखवली. मी बिलं बघितली आणि आधी गाडीत वाकून मॅट बघितली. हसू नका. एक्सिलेटरच्या पेडलखाली सरकलेली रबरी मॅट किंवा आतून गंजून अडकणारी केबल, हे तपासून झाल्याशिवाय बॉनेटला हात लावायचा नाही. मॅट जागेवर होती, केबलला हवी तेवढी ढिलाई होती.

लोकांना वाटतं एक्सिलेटर म्हणजे पेट्रोलचा नळ. पेट्रोलच्या गाडीत तो हवेचा दरवाजा आहे. पाय दिला की थ्रॉटलची पाकळी उघडते, हवा आत जाते, आणि त्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल येतं. पाय काढला की पाकळी मिटते, बाजूच्या बारीक वाटेने जेमतेम हवा जाते, तिच्यावर इंजिन श्वास धरून उभं राहतं. पाकळी मिटलेली आणि इंजिन तरी पळतंय, म्हणजे हवा कुठून तरी येते आहे. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत अशी चोरवाटेची हवा पेट्रोल पातळ करते आणि गाडी बऱ्याचदा मिसिंग करून स्वतःच चहाडी करते. एस्टीमसारखी, मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरची एमपीएफआय गाडी जास्त आज्ञाधारक. मॅनिफोल्डमध्ये दाब वाढलेला दिसला की कॉम्प्युटर हवा कुठून आली ते विचारत नाही, तिच्या मापाचं पेट्रोल देऊन टाकतो. गाडी गुळगुळीत चालते, फक्त जोरात. म्हणून काकांना जोम वाटला.

शिवाय आणखी एक वाट असते. कूलंट कमी झालं किंवा तापमानाचा सेन्सर खोटं बोलायला लागला, तर कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, आणि तो मुद्दाम रेस चढवून ठेवतो. कूलंट पुरेसं होतं, सेन्सर तर नवाच.

अशा वेळी सगळ्यात सोपा उपाय हाताशी असतो: थ्रॉटलजवळचा स्लोचा स्क्रू. डिसमिस घ्या, दोन आटे फिरवा, काटा खाली. गिऱ्हाईक खूश. मी त्या स्क्रूला सहसा हात लावत नाही. त्याला कारण आहे, आणि ते सांगायला मला आजही बरं वाटत नाही.

सुरुवातीची वर्षं मी नेरळला काढली. स्टेशनबाहेर माथेरानच्या टॅक्सीवाल्यांच्या ओम्नींची रांग. गिऱ्हाइकं तीच. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, भरलेली गाडी, आणि नेरळपासून दस्तुरी नाक्यापर्यंत चढच चढ. त्याच्या पुढे माथेरानात मोटार जातच नाही. कार्बोरेटरच्या त्या गाड्या वळणावर पाय काढला की बंद पडू नयेत म्हणून काही जण स्लो जरा चढाच ठेवायचे. एकाची ओम्नी मात्र फारच रेस घेत होती. मी न बघता, न ऐकता स्क्रू मागे घेतला, वीस रुपये घेतले. दोन मिनिटांचं काम.

दुपारी तो परत आला. शिवी नाही, आवाज नाही. गाडी माझ्यासमोर उभी केली, चावी माझ्या हातात दिली. "तूच वर नेऊन दाखव."

दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर गिअर टाकायला पाय काढला आणि इंजिन गपकन बंद. गाडी मागे सरकायला लागली. हँडब्रेक ओढला, तो उतरला, चाकामागे दगड लावला, आणि दगडावरच बसला. सकाळी सवारी भरलेली असताना त्याच्यासोबत हेच झालं होतं. नंतर नीट बघितलं, तर मॅनिफोल्डचे नट ढिले होते. गॅस्केटमधून हवा ओढली जात होती, पण इंजिन गरम-थंड होईल तशी कमी-जास्त. ती चोरीची हवा होती तोवर गाडी चालत होती. मी हक्काची हवा बंद केली आणि चोरीची तशीच ठेवली. ती कमी पडली त्या क्षणी इंजिनाकडे काहीच उरलं नाही.

तर काकांची एस्टीम. मी गॅरेजमधल्या पोराला म्हटलं, कंप्रेसर बंद कर, रेडिओ बंद कर, जरा कान लावू दे. कर्जत स्टेशनवर घाटात चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात. 1 ला 37 चा चढ आहे, एकट्या इंजिनाचं ते काम नाही. पण बँकर शिट्टी देऊन, सांगून-सवरून जोर लावतात. इंजिनात मागल्या दाराने येणारी हवा मात्र फार तर बारीक सुस्कारा टाकते, तोही गॅरेज गप्प असेल तर ऐकू येतो. मला तेव्हा ऐकू आला नाही. कान पूर्वीसारखे राहिले नाहीत.

मग हवेची नळी सोडवली आणि थ्रॉटलच्या तोंडावर तळहात दाबून धरला. हे मला सगळ्या मीटरांपेक्षा आवडतं. तोंड बंद केल्यावर इंजिन गुदमरून मरायला हवं. मेलं, तर हवा थ्रॉटलमधून किंवा आयएसीमधून येते आहे. हे मेलं नाही. थोडं अडखळलं आणि चालत राहिलं. म्हणजे चोरवाट थ्रॉटलच्या पलीकडे, मॅनिफोल्डच्या बाजूला. नवा आयएसी आणि नवा सेन्सर बिचारे निर्दोष होते.

"काका, ब्रेक कडक लागतो का हल्ली?"

"हो, पण ते माझ्या गुडघ्यामुळे असेल."

गुडघ्यामुळे नव्हतं. ब्रेकच्या बूस्टरला मॅनिफोल्डमधूनच जाड होज जातो. इंजिनाच्या ओढीवरच बूस्टर पायाला मदत करतो. पक्कडीला फडकं गुंडाळून होज मॅनिफोल्डजवळ दाबला, काटा सरसर खाली आला. पोराने हात घालून मागून चाचपला. "दादा, उंदरानं खाल्लंय हे!" होजच्या खालच्या अंगाला, वरून दिसणार नाही अशा जागी, दातांच्या खुणा आणि करंगळी जाईल एवढं भोक. बॅटरी काढली तर खाली भाताची तूस आणि कागदाचे तुकडे, नीट गोल रचलेले. कापणी झाली, शेत मोकळं झालं, उंदीर घर बघायला निघाले. आणि शेडमध्ये तीन आठवडे न हललेली कोरडी गाडी.

नवा होज टाकला, इंजिन सुरू केलं, आणि ते लगेच बंद पडलं. काका माझ्याकडे बघायला लागले. मला मात्र ओळखीचं वाटलं. स्लोचा स्क्रू बघितला: शेवटच्या आट्यापर्यंत आत आवळलेला. माझ्यासारख्याच कुणीतरी घाईत भोकाची भरपाई स्क्रूने करायचा प्रयत्न केला होता. तो उलटा फिरवून जागेवर आणायला होज बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागला. एसी लावून, दिवे लावून, पंखा फिरू देऊन, पुन्हा पुन्हा. काटा साडेआठशेवर थांबला, हलेना.

"आता जोर कमी वाटतो," काका गाडी फिरवून आल्यावर म्हणाले.

होजचे आणि मजुरीचे पैसे घेतले. स्क्रूचे घेतले नाहीत. तेवढं माझ्याकडे नेरळपासून देणं होतं.

कर्जत-खालापूरकडे तुमची गाडी शेडमध्ये उभी असेल, तर कापणीनंतर पहिल्यांदा याल तेव्हा चावी फिरवण्याआधी बॉनेट उघडा. बॅटरीखाली तूस दिसली तर ब्रेकचा होज खालून हाताने चाचपून घ्या. आणि कुणी डिसमिस घेऊन थेट स्लोच्या स्क्रूकडे निघाला, तर त्याला आधी थ्रॉटलच्या तोंडावर हात ठेवायला सांगा.