साडेनऊचा सूर्यास्त



लातूरला सूर्यास्ताची वेळ कधी बघावी लागली नाही. उन्हाळा असो की हिवाळा, दिवेलागणीच्या आत ताटं घासून पालथी. इथे लेस्टरला मात्र सूर्याचंच काही खरं नाही! जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड. सवयीने सहाला जेवते, मग साडेआठला पोटात कावळे. नियम मोडत नाही, बाहेर ऊन आहे. तरी दुसऱ्यांदा वरणभात घेताना चोरी केल्यासारखं वाटतं.

डिसेंबरात चारच्या आत अंधार, आणि दुकानातली नोकरी पाचपर्यंत. साडेतीनला मागच्या खोलीत खोक्यावर बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खायची. सोबतच्या बाईंना वाटलं, मी वजन कमी करतेय. ‘हो’ म्हटलं. समजावण्याइतकं इंग्रजी तेव्हा कुठे होतं!

एका शनिवारी गर्दीत साडेतीन टळले. ‘उपाशीच झोपले,’ असं आईला फोनवर सांगितलं. खरं म्हणजे आठ वाजता मुलाच्या ताटातला भात उभ्याउभ्याच खाल्ला होता. खोटं बोलल्याचं जास्त लागलं.

ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जैन मंदिराची प्रतिष्ठा १९८८ सालची. दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी सगळे एकाच छताखाली. (आपल्याकडे हे जमेल?) तिथे एका गुजराती मावशींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “पहिल्या हिवाळ्यात माझंही झालं होतं. डबा तीनलाच उघडत जा.”

आईला अजून सांगितलेलं नाही. आता तुमच्यापैकी कुणीतरी तिला फोन करेलच.