उरलेला दोरा

बाबांना मासेमारीचा नाद आहे. नाद म्हणजे अगदी नाद. अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षं काढली, पण रविवार मात्र दारणेच्या फुगवट्याचा. पहाटे उठायचं, वाटेत मिसळ हाणायची, पावती फाडायची आणि कणकेचा गोळा गळाला लावून दुपारपर्यंत पाण्याकडे बघत बसायचं. लहानपणी मीही जायचो. मग इंजिनिअरिंग, मग नोकरी, मग 'रविवारी जरा झोपू द्या ना बाबा'.

यंदा बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, नंतर काही महिने खडकाळ काठावर उतरणं विसरा. मग मी ठरवलं की त्याआधी त्यांना एक झकास रील द्यायची. टीममधला एकजण जपानला ऑनसाइट होता, त्याला सांगून मागवली. वजनाला हलकी आणि फिरवली तर आवाज नाही. बाबांनी नुसती हातात घेतली आणि हँडल फिरवत राहिले. पैसे तिथेच वसूल झाले!

तिच्या स्पूलवर तीन ओळी होत्या: २.५-१८०, ३-१५०, ४-१००. दुसरा आकडा मीटरचा, हे कळलं. पहिला? नेटवर शोधलं तर तो 'गो'. जपानी दोऱ्याचा नंबर. सोबत एक तक्ता मिळाला, त्यात ३ गो म्हणजे साधारण १२ पाउंड ताकदीचा नायलॉन. झालं! मी दुकानात गेलो आणि १२ पाउंडाचं तंगूस घेतलं, १०० मीटरचं रीळ. दीडशे मावतो म्हणजे शंभर आरामात बसेल, असा हिशेब.

आरामात कुठलं? पाऊणशे मीटरच्या आसपास स्पूल काठोकाठ भरला. मी उरलेला दोरा कापून टाकला.

बाबा म्हणाले, "अरे, उरला कसा?"

मी म्हणालो, "जपानी रील आहे बाबा, त्यांना कळतं."

हे वाक्य मला आता आयुष्यभर ऐकावं लागणार आहे.

त्या रविवारी अकराच्या सुमारास बाबांना मासा लागला. कटला असावा, आणि मोठा. पस्तीसेक मीटर दोरा आधीच पाण्यात होता. मासा आत पळायला लागला, ड्रॅग सुंदर सुटत होता, बाबा हसत होते. मग स्पूलचा तळ दिसायला लागला. बाबा हसायचे थांबले. शेवटचा वेढा सुटला, काठी वाकली आणि आतली गाठ तुटली. सगळा दोरा गेला, गळ गेला, मासा गेला. बाबा काही बोलले नाहीत. नुसती मोकळी रील फिरवत बसले. बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून आपला जुना मायक्रोमीटर काढला, कापून टाकलेला तुकडा त्यात धरला आणि माझ्यापुढे ठेवला. ०.४० मिलिमीटर. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात तेच छापलं होतं. मी फक्त पुढचं मोठं '१२' वाचलं होतं.

रात्री मी एक्सेल उघडलं. (आम्हा लोकांना दुःख झालं की आम्ही एक्सेल उघडतो.) गंमत अशी की रील तीच असली, तरी ती कुठल्या देशात विकायची त्यावर तिचे आकडे बदलतात. अमेरिकेत पाउंड आणि यार्ड, युरोपात मिलिमीटर आणि मीटर, जपानात गो आणि मीटर. यार्ड-मीटरची भानगड सोपी आहे, एक यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर, म्हणून अमेरिकन आकडा जरा मोठा दिसतो. खरी मेख पाउंडात आहे. पाउंड सांगतो की दोरा किती ओढला की तुटेल. तो किती जागा खाईल हे पाउंड सांगतच नाही. चांगला १२ पाउंडी दोरा बारीक असतो, स्वस्तातला जाड. त्यात बरेच दोरे छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त ताण घेतात. विक्रमांची नोंद ठेवणारी आयजीएफए ही संस्था तर त्यासाठी 'क्लास' दोरा वेगळाच मानते, जो छापलेल्या आकड्यापर्यंत तुटलाच पाहिजे.

स्पूलला ताकदीशी काही देणंघेणं नाही. त्याला फक्त घनफळ कळतं, म्हणजे जाडीचा वर्ग गुणिले लांबी. ३ गो म्हणजे ०.२८५ मिलिमीटर. त्याचा वर्ग गुणिले १५० म्हणजे सुमारे १२.२. आता भागिले ०.४० चा वर्ग. उत्तर ७६ मीटर. दोरा उरला कसा? असा उरला.

जपान्यांची पद्धत मात्र बघा. १ गो म्हणजे ०.१६५ मिलिमीटर, ४ गो म्हणजे ०.३३०. नंबर चौपट, जाडी दुप्पट. म्हणजे गो हा जाडीचा नाही, छेदाच्या क्षेत्रफळाचा आकडा आहे. त्यामुळे वर्गबिर्ग करायची गरजच नाही. ३ गुणिले १५० बरोबर ४५०. २.५ गुणिले १८० बरोबर ४५०. (४ ला १०० हा त्यांनी हात राखून दिलेला आकडा.) विणलेल्या पीई दोऱ्याचा गो तर डेनियरवर चालतो. १ गो म्हणजे २०० डेनियर, म्हणजे ९००० मीटर दोऱ्याचं वजन २०० ग्रॅम.

डेनियर म्हटल्यावर बाबा म्हणाले, "हे तर येवल्याच्या रेशमाचं माप." बरोबर आहे. आणि मालेगावच्या लूमवर सुताचा काउंट चालतो, तो नेमका उलटा: डेनियर वाढला की धागा जाड, काउंट वाढला की सूत बारीक. एकाच जिल्ह्यात दोन मापं, तीही पाठीला पाठ लावून. मग जपान-अमेरिकेला काय नावं ठेवायची? आणि हो, जपानीत या दोऱ्याला 'तेगुसु' म्हणतात. आपलं तंगूस. नातं काय असेल ते असो, कानाला चुलतभाऊच वाटतात :-)

मला लागलं ते वेगळंच. दिवसभर मी एका सिस्टीमचा डेटा दुसरीत नेण्याचं काम करतो. युनिट तपासल्याशिवाय कॉलम जोडू नका, हे ज्युनिअर पोरांना मीच शिकवतो. इथे ताकदीचा कॉलम जाडीला जोडला आणि वर उरलेला दोरा, म्हणजे समोर पडलेला एरर मेसेज, कात्रीने कापून टाकला. तो बाबांनी वाचला होता. मी 'त्यांना कळतं' म्हणालो. 'तुम्हाला कळतं' म्हणायला हवं होतं.

परवा नवा दोरा आणला, ०.३० चा. हिशेबाने १३५ मीटर. आधी बाबांनी तो मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजला. मग मी हँडल फिरवलं आणि त्यांनी दोरा चिमटीत ताणून धरला. काठाला दीडेक मिलिमीटर जागा ठेवून थांबलो. बाबांनी कागदाची पट्टी कापली, त्यावर टूलरूममधल्या ठाशीव अक्षरात '०.३० - १३५ मी.' लिहिलं आणि स्पूलला चिकटवली.

गुरुवारी ऑपरेशन आहे. रील कपाटावर ठेवली आहे. बाबांनी विचारलं, पावसाळ्यानंतर रविवारी उठशील का?

उठेन म्हणालो.