नजरेची माया

आमच्या घरी एक तांब्याचे घंगाळ आहे. वर्षातून एकदा, नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी, ते माळ्यावरून खाली उतरते, चिंचेने लख्ख घासले जाते आणि पहाटे अभ्यंगस्नानाच्या कढत पाण्याने भरले जाते. नातवंडांना त्याची मोठी मौज वाटते. मला मात्र त्यात तांब्या बुडवताना दरवर्षी एक कासव आठवते.

गोष्ट १९६६ सालची. मी तेव्हा नऊ वर्षांचा. कुणीतरी आजीला बाजारातून एक कासव आणून दिले. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या! घरात कासव असले की लक्ष्मी स्थिर राहते, अशी आजीची श्रद्धा. देवळातल्या दगडी कासवालासुद्धा आपण नमस्कार करून पुढे जातो. मग जिवंत कासव घरी आल्यावर काय विचारता! त्याची व्यवस्था माझ्याकडे आली. कासव म्हणजे पाण्यातला प्राणी, एवढेच माझे ज्ञान. मी हे घंगाळ काठोकाठ भरले आणि त्याला आत सोडले. रात्रभर ते नखांनी तांबे खरवडत होते. मला वाटले, खेळते आहे. सकाळी ते तळाशी निपचित पडले होते. आजी मला एक शब्द बोलली नाही. तिने परसात तुळशीमागे खड्डा केला, एवढेच.

ते कासव जमिनीवरचे होते, कोरड्या माळावर गवत खाऊन राहणारे होते, त्याला पोहता येत नव्हते, हे मला कळायला पुढे ५७ वर्षे जावी लागली. माझी भाची पशुवैद्य आहे. शहराबाहेर सोडवून आणलेल्या वन्य प्राण्यांचे एक केंद्र आहे, तिथे ती काम करते. २०२३ च्या जूनमध्ये तिचा फोन आला, “मामा, माणसं कमी पडताहेत. येतोस का?” निवृत्त शिक्षकाला दुसरे काय काम? गेलो.

पाहतो तर तीच कासवे! त्यांना स्टार कासव म्हणतात. एका प्रवासी बॅगेत ती सापडली होती. हालचाल होऊ नये म्हणून प्रत्येकाचे पाय आत दाबून वरून चिकटपट्टी गुंडाळलेली. आता हे कासव पाळणे किंवा विकणे गुन्हा आहे. २०१९ साली त्याचा देशोदेशींचा व्यापार बंद झाला आणि २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते वाघाच्या पंक्तीला जाऊन बसले. तरीही लक्ष्मीची हाव सुटत नाही. आजीची श्रद्धा भाबडी होती. बॅग भरणाऱ्याचा हिशेब भाबडा नव्हता.

बिऱ्हाड थाटायचे म्हणजे किती गोष्टी! पहिले काही आठवडे प्रत्येकाला वेगळी खोली, कारण एकाचे जंत आणि सर्दी दुसऱ्याला लागायला नको. रोज थोडा वेळ उथळ थाळीत कोमट पाणी, तेही हनुवटीच्या खालीच. वाटेत तहानेने वाळलेली कासवे त्यातच मान घालून पाणी पीत. पाण्याशी त्यांचे नाते एवढेच आहे, हे मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मला तिथे बसवेना. भिंती आरपार दिसणाऱ्या नकोत. पलीकडचे दिसले की कासव दिवसभर भिंतीला धडका देत बसते. खाली माती, वर गवताचे झुबके, एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला सावली. लपायला आडवा ठेवलेला अर्धा फुटका माठ. खायला हरळी, जास्वंदीची पाने, फड्या निवडुंगाची बोंडे आणि पाठ बळकट राहावी म्हणून समुद्रफेसाचा तुकडा. आपण लाडाने पोळी, केळे देतो, ते बाद!

त्यांतले एक लहानसे कासव काही केल्या खाईना. मी त्याला उचलून मांडीवर घेई, पाठीवरून हात फिरवी, जास्वंदीचे फूल तोंडाशी नेई. ते मान आत ओढून घेई. एकदा भाचीने मला पाहिले.

“मामा, तू उचललंस की त्याला काय वाटत असेल? पुन्हा कुणीतरी बॅगेत भरतंय!”

मी त्याला खाली ठेवले. तोंडातून शब्द फुटेना.

कासवी आपल्या पिलांना दुरून नुसत्या नजरेने वाढवते, असे आपल्या संतांनी म्हटले आहे. मी वर्गात वर्षानुवर्षे तो दृष्टान्त शिकवला. खरी कासवी मात्र अंडी मातीत पुरून निघून जाते, पिलांकडे ढुंकूनही पाहत नाही. दृष्टान्त कासवीला लागू नसेल. पण तो मला लागू करून घ्यायला काय हरकत होती? दुसऱ्या दिवसापासून मी स्टूल दूर कडुनिंबाखाली नेले आणि वही घेऊन नुसता पाहत बसलो. ‘आज खाल्ले नाही,’ एवढेच रोज लिहायचे.

पुढे पावसाची एक सर येऊन गेली. माती ओली झाली, वास सुटला. माठाच्या तोंडाशी चांदण्यांचा एक तुकडा हलला. कासव सावकाश बाहेर आले, हरळीच्या काडीला तोंड लावले आणि ती कचकन तोडली. मी हाक मारायला तोंड उघडले आणि तसेच मिटले.

सगळी कासवे वाचली नाहीत. जी वाचली, त्यांचा प्रश्नही सुटलेला नाही. गुजरात-राजस्थानचे रान त्यांचे, तसेच आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूचे आणि श्रीलंकेचेही. ही कुठल्या माळावरून उचलली, ते कळल्याशिवाय सोडायची कुठे? भलत्याच रानात सोडली तर तिथल्या कासवांना रोग लागायचा, वाण मिसळायचे. उचलायला क्षण पुरतो. परत पोचवायला वर्षेही पुरत नाहीत.

उद्या पहाटे घंगाळ भरेल. नातीने परवा विचारले, “आजोबा, लक्ष्मीपूजनाला खरंखुरं कासव आणायचं?” मी तिला जवळ बसवले आणि तुळशीमागच्या खड्ड्याची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती मी कुणालाच सांगितली नव्हती. ती बराच वेळ गप्प बसली. मग अंगणात जाऊन तिने रांगोळीचे कासव काढले, पाठीवर चांदण्या भरल्या आणि भोवती भरपूर गवत काढले.