पाणी कुठे अडले?

परवा रविवारी सकाळी आमच्या कपडे धुण्याच्या यंत्राने संप पुकारला. बटण दाबले की दिवा लागे, आतून बारीकशी घरघर ऐकू येई; पण पाण्याचा थेंब पडेल तर शपथ!

मराठीच्या प्राध्यापकाला यंत्रातले काय कळणार, असा आमच्या घरात समज आहे. तो खोडून काढण्याची संधी मी कशी सोडणार? चष्मा पुसला आणि माहितीपुस्तिका उघडून बसलो. नळ चालू होता. नळीला पीळ पडला नव्हता. झाकण नीट बसले होते. राहता राहिला पाण्याचा दाब. पुस्तिकेप्रमाणे तो निदान ०.३ बार हवा. म्हणजे टाकीतले पाणी यंत्राहून सुमारे ३ मीटर उंच हवे. आम्ही राहतो सर्वांत वरच्या मजल्यावर, गच्चीवरची टाकी जवळजवळ डोक्यावरच!

"दोष यंत्राचा नाही, इमारतीचा आहे," मी निकाल दिला.

"मग चार वर्षं कसं भरत होतं?" हिने विचारले.

निकाल फिरवणे भाग पडले. विजेची पिन काढली, नळ बंद केला आणि यंत्रामागची नळी सोडवली. ती जिथे बसते तिथे बोटाच्या पेराएवढी जाळी असते. चिमट्याने ओढून काढली, तो काय! टाकीतला गाळ आणि गंजाचे कण बसून तिचे एकूण एक छिद्र बुजलेले. जुन्या टूथब्रशने घासून ती परत बसवली, नळ उघडला, बटण दाबले. पाणी खळखळ पडू लागले.

"पाहिलंस? दहा मिनिटांचं काम! बिघडल्या दिवशीच दुरुस्त!"

"बिघडल्या दिवशी?" ही हसली. "अहो, पंधरा दिवस झाले. मी बादलीनं पाणी भरतेय. धुवायला वेगळं, विसळायला वेगळं. आज कंबर धरली, म्हणून तुम्हाला सांगितलं."

पंधरा दिवस मी पांढरेशुभ्र सदरे घालून कॉलेजात जात होतो. कवीच्या संवेदनशीलतेवर व्याख्याने देत होतो. आणि ती बादली? ती रोज न्हाणीघराच्या दारातच असे. पायाने बाजूला सारून मी अंघोळीला जात असे.

जाळी अधूनमधून साफ करावी, असे पुस्तिकेत लिहिले आहे. दिनदर्शिकेवर मी तशी खूण करून ठेवली आहे. बाकीचे पुस्तिकेत नाही. ते माझे मलाच लक्षात ठेवायला हवे.