साठ सेंटिमीटरची बोट आणि कावेरीचे पाणी

एप्रिल २०२३ मध्ये कोची वॉटर मेट्रोचे उद्घाटन झाले आणि शंभर प्रवासी नेणारी, विजेवर चालणारी बोट ही आपल्या देशात रोजच्या वापरातील वस्तू झाली. त्याआधी २०१७ पासून केरळातच वैक्कमच्या जलमार्गावर ‘आदित्य’ ही ७५ आसनांची सौर बोट प्रवाशांची ने-आण करीत होती. अशा बातम्या आल्या की चर्चा होते ती मुख्यतः बॅटरीची: तिची क्षमता किती, ती टिकणार किती, किंमत किती. पाण्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. वस्तुतः बॅटरीतील ऊर्जा जाते कुठे, हा प्रश्न आधी पाण्यालाच विचारावा लागतो. पुस्तकातून मला हे ठाऊक होते. हाताला ते कळले एका साठ सेंटिमीटर लांबीच्या, रेडिओ-नियंत्रित शर्यतीच्या बोटीमुळे.

बेळगावहून अकरावीसाठी आमच्याकडे मैसूरला राहायला आलेली माझी भाची आणि मी, दोघांनी मिळून ही बोट गेल्या हिवाळ्यात बांधली. दोघेही या विषयात पूर्णतः नवखे होतो. चालवण्यासाठी आम्ही निवडले तलकाड. मैसूरहून सुमारे ४५ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी असलेले, वाळूत गाडल्या गेलेल्या देवळांचे गाव.

बोट बांधण्यापूर्वी एक गणित करावे लागते. संथ गतीने जाणारी कोणतीही नाव स्वतःच्या पुढे-मागे लाटा उठवते. वेग वाढतो तशी ही लाट लांब होते आणि एका टप्प्यावर तिची लांबी नावेच्या लांबीएवढी होते. तेव्हा नाव जणू आपल्याच लाटेच्या खड्ड्यात बसते आणि पुढचा चढ तिला चढवत नाही. हा वेग काढण्याचे सूत्र सोपे आहे: गुरुत्वत्वरण आणि नावेची लांबी यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याला ०.४ ने गुणायचे. साठ सेंटिमीटरच्या बोटीसाठी उत्तर येते सेकंदाला सुमारे एक मीटर, म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटर. माणसाच्या चालण्याचा वेग. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये टॉर्की येथे हौद बांधून जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या, त्या याच गणितासाठी.

मग शर्यतीची बोट याच्या कितीतरी पट वेगाने कशी धावते? ती लाट चढून तिच्या वर येते. तळाचा बहुतांश भाग पाण्याबाहेर काढून ती पृष्ठभागावर घसरत जाते. तिचा तळ, वजन आणि पंखा यांची सारी रचना या एका चढाईसाठी असते.

आमच्या बोटीचा सांगाडा तीन मिलिमीटरच्या प्लायवुडचा, वरून काचकापड आणि इपॉक्सी. तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा. सुतारकामाची सवय असलेला हात प्रत्येक कड पॉलिश पेपरने गोल करू पाहतो, पण येथे तळाच्या मागच्या कडा धारदारच हव्यात. गोल कडेला पाणी चिकटून वर वळते आणि बोटीला मागून धरून ठेवते. धारदार कडेवर ते स्वच्छ तुटते. सगळे सामान धरून वजन भरले १,१०० ग्रॅम. म्हणून सव्वा लिटर आकारमानाचे फोमचे तुकडे आत ठासले. सव्वा लिटर पाणी बाजूला सारणारी वस्तू अकराशे ग्रॅम सहज तोलते, त्यामुळे बोटीत पाणी भरले तरी ती बुडत नाही. आर्किमिडीजचा सिद्धांत सातवीपासून पाठ असलेल्या मुलीने तो पहिल्यांदाच खर्चाच्या वहीत लिहिला.

मोटर ब्रशलेस. तिला तीन तारा असतात. स्पीड कंट्रोलर बॅटरीतील एकदिश प्रवाह घेऊन या तीन तारांत आळीपाळीने सोडतो आणि आत फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. प्रथम जोडणी केली तेव्हा पंखा उलट दिशेने फिरला. उपाय सोपा: तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल. शेतावरची थ्री-फेज मोटर उलटी फिरू लागली की आपल्याकडचा शेतकरी हेच करतो, आणि कारणही एकच आहे. याच कावेरीवर तलकाडच्या खालच्या अंगाला शिवनसमुद्रचा धबधबा आहे. तेथे १९०२ मध्ये उभारलेल्या जलविद्युत केंद्रातून थ्री-फेज वीज १४७ किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेली गेली. इतक्या लांब वीज वाहून नेणे ही त्या काळी जगातही नवलाची गोष्ट होती.

रेडिओ-नियंत्रणाची कथाही त्याच पिढीची. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात बिनतारी लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि दारूचा स्फोट घडवला. तीन वर्षांनी, १८९८ मध्ये, निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हौदात एक लहान विद्युत बोट सोडली आणि ती दुरून चालवून दाखवली. फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर चालणारी मोटर घडवणाऱ्यांपैकीही ते एक. आमच्या बोटीतील दोन्ही गोष्टी, तीन तारा आणि अँटेना, त्यांच्याच कामाशी जोडलेल्या आहेत. आजचा रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. या लहरी पाण्यात फार लवकर विरतात, म्हणून अँटेनाचे टोक पाण्याच्या पातळीच्या वरच हवे. संकेत तुटला तर मोटर आपोआप थांबेल, ही सोय पहिल्या फेरीआधी काठावर तपासून घ्यावी.

आता तलकाड. सतराव्या शतकाच्या आरंभीची शापकथा येथे सर्वांना ठाऊक आहे. श्रीरंगपट्टणची अलमेलम्मा मैसूरच्या राजाचे सैनिक मागे लागले तेव्हा कावेरीत उडी घेताना म्हणाली की तलकाडची वाळू होवो आणि मालंगीचा भोवरा होवो. अभ्यासक कारण देतात ते नदीचे वळण, जुन्या बंधाऱ्याने आटलेला प्रवाह, उघडे पडलेले पात्र आणि नैर्ऋत्येचा वारा यांचे. आमच्या दृष्टीने वाळू हा व्यावहारिक प्रश्न होता. मोटर आणि कंट्रोलर थंड ठेवण्यासाठी बोट चालताना एका बारीक नळीतून नदीचेच पाणी आत घेते आणि बाजूने बाहेर टाकते. तलकाडची बारीक वाळू ही नळी बुजवते. म्हणून नियम केला की बाजूने पडणारी पाण्याची धार दिसत असेल तोवरच पुढे जायचे. पंख्याकडे जाणारी लवचिक तार प्रत्येक दिवशी बाहेर काढून पुसायची, ग्रीस लावायचे, पुन्हा घालायची. ही तार पीळ बसला की किंचित आखडते, म्हणून मागे चार मिलिमीटरची फट ठेवावी लागते. ती ठेवली नाही तर तार बेअरिंगला घट्ट आवळते.

स्नानाच्या घाटापासून आम्ही दूर राहिलो. मिनिटाला चौदा हजार फेरे घेणारा धातूचा पंखा माणसांजवळ नेण्याची वस्तू नव्हे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, जेथे पाणी तुंबून संथ होते, तेथे काठावरच्या शेतकऱ्याला विचारून जागा घेतली. तिसऱ्या फेरीत पंख्यात पाणवनस्पती गुंतली आणि बोट काठापासून वीसेक मीटरवर थांबली.

“मामा, मी आणते. पाणी गुडघाभरच दिसतंय,” भाची म्हणाली आणि तिने चपला काढल्याही.

जवळच तेप्प घेऊन बसलेल्या वयस्क नावाड्यांनी कन्नडमध्ये तिला थांबवले. येथे गुडघाभर आहे, पुढे दोन पावलांवर वाळू खरवडली गेली आहे, तेथे पुरुषभर खड्डा आहे, असे ते म्हणाले. वरून धरणांचे पाणी सुटले की हे खड्डे जागा बदलतात. मालंगीच्या भोवऱ्याची कथा ऐकणाऱ्या गावाला नदीचा तळ असा ठाऊक असतो. अडकलेल्या बोटीसाठी पाण्यात उतरायचे नाही, हा या छंदाचा पहिला नियम आहे. दोरीला चेंडू बांधून फेकावा, दुसरी नाव बोलवावी, नाहीतर बोट सोडून द्यावी.

ते तेप्प घेऊन गेले. तेप्प म्हणजे बांबूची, कातडे किंवा ताडपत्री लावलेली गोल नाव. आपल्याकडे कृष्णाकाठी पुराच्या वेळी गुळाची काहील जशी नावेसारखी वापरत, तशीच दिसते. एकाच वल्ह्याने, स्वतःभोवती थोडी फिरत, ती गेली आणि आली. पाण्यावर लाट जवळजवळ उठलीच नाही. भाचीने विचारले, “एवढा मोठा माणूस बसलाय, तरी यांना जोर कसा लागत नाही?” तो प्रश्न आम्ही मोजून सोडवायचे ठरवले.

पद्धत कोणालाही जमेल अशी आहे. काठाने पन्नास मीटरवर दोन बांबू रोवले, दोन्ही दिशांनी बोट नेऊन वेळ घेतली आणि सरासरी काढली, म्हणजे प्रवाहाचा परिणाम वजा होतो. प्रत्येक वेगाने दोन-दोन मिनिटे बोट चालवली आणि नंतर चार्जरने बॅटरीत किती मिलिअँपिअर-तास परत भरले ते वाचले. हे आकडे आमच्या एकाच बोटीचे आहेत, पण बोलके आहेत.

ताशी साडेतीन किलोमीटरच्या आत: दोन मिनिटांना ४० मिलिअँपिअर-तास. म्हणजे किलोमीटरला सुमारे ३५०.

ताशी आठ किलोमीटर, नाळ वर उचललेली, शेपूट पाण्यात रुतलेले: दोन मिनिटांना ४००. किलोमीटरला १,५००.

ताशी अठ्ठावीस किलोमीटर, बोट पाण्यावर घसरत असताना: दोन मिनिटांना ९००. किलोमीटरला सुमारे ९६०.

सर्वांत महाग ठरला तो मधला वेग. चढावर अडकलेली बोट सर्वाधिक ऊर्जा खाते आणि फारशी पुढेही जात नाही. बॅटरी एक सेंटिमीटर पुढे-मागे सरकवून गुरुत्वमध्य मागच्या टोकापासून लांबीच्या तीस टक्क्यांवर आणला, तेव्हा तीच बोट हा चढ लवकर ओलांडू लागली. एकही वॅट न वाढवता. कागदावर पंख्याच्या पीचवरून ताशी चाळीस किलोमीटर निघत होते, त्यातले पाण्याने अठ्ठावीसच दिले.

तेप्पाचे उत्तर या पहिल्या ओळीत आहे. ते लाटेच्या चढापाशी जातच नाही. ‘आदित्य’ही नाही. वीस मीटर लांबीच्या नावेसाठी तेच सूत्र ताशी वीस किलोमीटर सांगते, आणि ही बोट साधारणतः त्याच्या निम्म्या वेगाने चालते. शिवाय ती जोडनाव आहे. दोन अरुंद तळ कमी लाट उठवतात. पंचाहत्तर माणसे घेऊन पाण्यावर घसरत जाणे परवडणारे नाही, तेव्हा तिच्या आरेखकांनी मोठी बॅटरी शोधण्याआधी पाण्याचा विरोध कमी केला. सूर्यप्रकाशावर प्रवासी बोट चालू शकली, यामागचे एक मोठे कारण हे आहे. आपल्या खाड्यांत आणि नद्यांत उद्या अशा नावा येतील, तेव्हा त्यांच्या बातमीत बॅटरीच्या आकड्याआधी तळाची लांबी, रुंदी आणि नेहमीचा वेग पाहावा.

ज्या विद्यार्थ्यांना अशी बोट करायची असेल त्यांनी लहान मोटर आणि दोन सेलची बॅटरी घ्यावी. लिथियम पॉलिमर बॅटरी लक्ष ठेवल्याशिवाय कधीही चार्ज करू नये आणि सेलचा दाब ३.३ व्होल्टखाली जाऊ देऊ नये. पाणी संथ निवडावे, काठावर नदी ओळखणारे कोणीतरी असावे, आणि वही सोबत ठेवावी. भाचीच्या वहीत सध्या एक रकाना कोरा आहे: हाच तळ दहा सेंटिमीटरने लांब केला तर मधल्या वेगाचा खर्च किती उतरेल? पावसाळा संपून कावेरी पुन्हा संथ झाली की आम्ही तो भरणार आहोत.