तोलेदो येथील एक विशेषण

स्पेन देशांतील तोलेदो नगर पाहण्याचा योग गेल्या वर्षीं आला. चिरंजीव नोकरीनिमित्त माद्रिदला असतात. तेथून आगगाडीनें सुमारें अर्ध्या तासांत तोलेदोस पोंचतां येतें. ताहो नदीनें तीन बाजूंनीं वेढलेल्या खडकावर हें प्राचीन शहर वसलें आहे. हीच नदी पुढें पोर्तुगालांतून जाऊन लिस्बनपाशीं समुद्रास मिळते, आणि १४९७ सालीं वास्को द गामा हिंदुस्थानास निघाला तो तेथूनच. त्यामुळें आल्कांतारा पुलावर उभें राहून पाहिलेलें तें पाणी मला अगदींच परकें वाटलें नाहीं.

परंतु हें नगर माझ्या विशेष स्मरणांत राहिलें तें एका विशेषणामुळें. बदाम व साखर यांची 'माथापान' नामक मिठाई ही येथील ख्याति. दुकानांत जो तो पहिला घांस घेतांच उद्गारे, "के रीको!" माझ्या खिशांतील कोशांत 'रीको' म्हणजे श्रीमंत. मिठाई श्रीमंत कशी? सूनबाईंनीं उलगडा केला: क्रियापदाकडे पाहावें. 'एस रीको' म्हणजे तो धनवान आहे; 'एस्ता रीको' म्हणजे हा पदार्थ रुचकर झाला आहे. पहिल्यांत वस्तूचें लक्षण, दुसऱ्यांत तिची त्या वेळची स्थिति. "मात्र माणसाला 'एस्ता रीको' म्हणूं नका हं, मामंजी," असें बजावून त्या हंसल्या. संस्कृत शिकलेल्यास येथें मौज वाटते. कारण 'एस' हें आपल्या 'अस्ति'चें, तर 'एस्ता' हें 'स्था' धातूचें सगोत्र होय.

विशेषण विशेष्याचें लिंग-वचन घेतें हाही आपलाच नियम. 'पुएर्तो' म्हणजे बंदर, शब्द पुल्लिंगी, म्हणून 'पुएर्तो रीको'. 'कोस्ता' म्हणजे किनारा, शब्द स्त्रीलिंगी, म्हणून 'कोस्ता रीका'.

या शब्दाचें कूळही तोलेदोशीं जुळतें. येथें पूर्वीं विसिगॉथ राजांची राजधानी होती. सान रोमान या जुन्या चर्चमध्यें त्यांच्या संस्कृतीचें संग्रहालय आहे. गॉथिक भाषेंतील 'रीक्स', म्हणजे सत्ताधीश, यावरून 'रीको' आला. आणि 'रीक्स' व आपला 'राजन्' एकाच मूळचे. इ. स. ७११ मध्यें अरबांच्या स्वारींत ज्याचें राज्य बुडालें त्या रोद्रीगो राजाच्या नांवाचें शेपूट हेंच. मध्ययुगांत 'रीको ओम्ब्रे' ही थोर सरदारांची पदवी होती. सत्तेपासून संपत्ति, संपत्तीपासून विपुलता, आणि तेथून रुचि! राज्य गेलें, शब्द स्वयंपाकघरांत सुखानें नांदतो आहे.

परततांना मन मात्र आपल्या घरीं गेलें. अन्नाला नांवें ठेवूं नयेत ही आमच्या पंक्तीची शिस्त. आम्हीं पुरुषांनीं तिच्यासवें स्तुतिही वगळली. आमटींत मीठ कमी पडलें तर मी वाटी सरकवून कळवीत असें; उत्तम साधली तर मौन. माझ्या कुटुंबानें चाळीस वर्षें वाढलें, आणि मुलांना विशेषणें शिकविणाऱ्या मला तिच्यासाठीं एकही सुचलें नाहीं. तिला जाऊन आतां सहा वर्षें झालीं.

त्या रात्रीं सूनबाईंनीं सार वाढलें. मी म्हणालों, "एस्ता रीको." नातवानें तत्काळ चूक काढली: "आजोबा, 'सोपा' स्त्रीलिंगी आहे. 'रीका' म्हणा." चूक कबूल करून मीं तें वाक्य पुन्हां शुद्ध म्हटलें. सूनबाई क्षणभर थांबल्या, आणि न विचारतांच त्यांनीं आणखी एक पळी वाढली.