आमच्या प्रबंधातील सुतार

वराळ्याच्या या वसतिगृहातून निघालेले आम्ही एम.ए.च्या लघुप्रबंधापर्यंत पोहोचलो. विषय : कार्ल्याच्या चैत्यगृहातील दानलेख. मार्गदर्शकांनी विचारले, "यात तुमचे स्वतःचे काय?" आम्ही निरुत्तर झालो, प्रबंध सोडावासा वाटला. पण १९१५ साली बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर व अर्थव्यवहारावर एम.ए.चा प्रबंध सादर केला होता, हे आठवले आणि आम्ही पुन्हा लेणी चढलो. तेथे ब्राह्मी अक्षरांत नाव वाचले : धेनुकाकटचा सुतार सामी. आमचे वडीलही सुतारच! उत्तर सापडले. राजांमागे न जाता आम्ही कारागिरांची व व्यापाऱ्यांची नावे अभ्यासली. प्रबंध पूर्ण झाला. वडिलांनी सामीच्या नावावरून बोट फिरवले. तीच प्रत आज शाळेच्या ग्रंथालयास कृतज्ञतेने अर्पण करीत आहोत.